ग्लासगोचं सार्वमत, केलमनचा बुकर आणि मताचा अधिकार

क्लाइडकाठ

१८ सप्टेंबर २०१४. सकाळी सव्वासातला मी आणि मुलगा घराजवळच्या प्राथमिक शाळेत मतदानाला गेलो. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, त्याला नुकतीच सोळा वर्षं पूर्ण झालेली. टेबलामागच्या बाईंनी नाव विचारलं, यादीत रेघ मारली आणि कागद हातात दिला. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. आडोशाला दोरीनं बांधलेली पेन्सिल होती. कागदावर एकच प्रश्न: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. नाशकात मी आयुष्यात दोनदाच मतदान केलं होतं, तेही नगरसेवक आणि आमदार निवडायला. इथे मला एक देश असावा की नसावा हे विचारत होते. पेन्सिल धरलेला हात थरथरत होता, हे आजही आठवतं.

मला मत कसं काय, असं तेव्हा पुण्याहून सासूबाईंनीही विचारलं होतं. नियम असा होता की स्कॉटलंडमध्ये कायदेशीर राहणारा, सोळा वर्षं पूर्ण झालेला ब्रिटिश, आयरिश, युरोपीय संघाचा किंवा राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक मतदार. जन्म कुठला, आईबाप कुठले, हा प्रश्नच नाही. उलट जन्मानं स्कॉटिश पण लंडनला राहणारे लाखो लोक यादीबाहेर. शॉन कॉनरी स्वातंत्र्याचे एवढे मोठे समर्थक, पण बहामाला राहायचे म्हणून त्यांना मत नव्हतं. जे. के. रोलिंग इंग्लंडात जन्मलेल्या, एडिंबरात राहणाऱ्या, म्हणून त्यांना होतं. त्या विरोधात होत्या आणि 'नाही'च्या प्रचाराला त्यांनी दहा लाख पाउंड दिले.

हे सगळं आज लिहायला बसले त्याचं कारण आमचा वाचनगट. मी इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. महिन्यातून एकदा दहाबारा जण जमतात. या वेळी जेम्स केलमनची 'हाऊ लेट इट वॉज, हाऊ लेट' घेतली होती, १९९४ चा बुकर मिळालेली. सॅमी नावाचा, तुरुंगात जाऊन आलेला एक माणूस दारूच्या नशेतून एका गल्लीत जागा होतो, साध्या वेशातल्या पोलिसांशी भांडण काढतो, मार खातो आणि नंतर त्याच्या लक्षात येतं की आपल्याला दिसत नाही. पुढची सगळी कादंबरी त्या आंधळ्या माणसाच्या डोक्यात चालते, ग्लासगोच्या रस्त्यावरच्या बोलीत, शिव्यांसकट.

गटातले एक आजोबा गोव्हनच्या जहाजगोदीतून निवृत्त झालेले. एरवी फारसे बोलत नाहीत. त्यांनी एक पान मोठ्यानं वाचलं आणि थांबून म्हणाले, "माझे वडील असेच बोलायचे. छापलेलं मी पहिल्यांदा बघतोय." नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

केलमननं काय केलं ते मराठी वाचकाला चटकन कळेल. आपल्याकडे पुष्कळ कादंबऱ्यांत पात्रं वऱ्हाडी किंवा मालवणी बोलतात, पण लेखक स्वतः बोलायला लागला की भाषा पुण्याची होते. म्हणजे पात्र खाली, निवेदक वर. केलमननं ती पायरीच काढून टाकली. त्याचा निवेदकही सॅमीच्याच भाषेत बोलतो, अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत. कोण बोलतंय आणि कोण सांगतंय यातली भिंत पाडली.

त्यावर लंडनमध्ये गदारोळ झाला. पाच परीक्षकांपैकी एक, ज्युलिया न्यूबर्गर, यांनी निकालाविरुद्ध जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. वर्तमानपत्रांनी पुस्तकातल्या शिव्या मोजल्या. केलमननं पुरस्कार घेताना भाषण केलं त्याचा आशय असा, की माझ्या संस्कृतीला आणि माझ्या भाषेला असण्याचा हक्क आहे आणि तो नाकारण्याचा अधिकार कुणालाच नाही. साहित्याचा पुरस्कार घेताना एक माणूस स्वयंनिर्णयाबद्दल बोलत होता. वीस वर्षांनी सार्वमत आलं तेव्हा तो 'हो'च्या बाजूला उभा होता, यात नवल काय?

मला जे म्हणायचं आहे ते असं. सार्वमत काय किंवा पुरस्कार काय, आपण निकालाची वाट बघतो. पण निकालातलं बरंचसं त्याआधीच ठरलेलं असतं, दोन ठिकाणी: मोजायचं कुणाला, आणि विचारायचं कसं.

१९७९ साली स्कॉटलंडला स्वतःचं विधिमंडळ द्यायचं का यावर सार्वमत झालं. ५१.६ टक्के लोक हो म्हणाले. तरी विधिमंडळ मिळालं नाही. कारण कायद्यात अट घातली होती, की नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी निदान ४० टक्के हो म्हणाले पाहिजेत. ते भरले ३२.९. मतदानाला न आलेला माणूस, गाव सोडून गेलेला माणूस, यादीतून नाव काढायचं राहिलेला मेलेला माणूस, सगळे 'नाही'च्या खात्यात गेले. तेच १९९७ साली ही अट नव्हती, ७४.३ टक्के हो म्हणाले आणि १९९९ साली विधिमंडळ बसलं.

२०१४ च्या प्रश्नाचंही तसंच. स्कॉटिश सरकारला विचारायचं होतं, "स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?" निवडणूक आयोगानं लोकांवर हा प्रश्न तपासून पाहिला आणि सांगितलं की "सहमत आहात का" म्हटलं की माणूस होकाराकडे ढकलला जातो. तो तुकडा गाळला. मला तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो, माझं मत 'हो' होतं तरीही.

आता बुकर. १९६९ पासून २०१३ पर्यंत नियम नागरिकत्वाचा होता: ब्रिटन, आयर्लंड, राष्ट्रकुल वगैरे. सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर झालं की पुढच्या वर्षापासून इंग्रजीत लिहिलेली आणि ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेली कादंबरी चालेल, लेखक कुठल्याही देशाचा असो. म्हणजे ज्या वर्षी स्कॉटलंडनं जन्म न बघता रहिवाशांना मत दिलं, त्याच वर्षी बुकरनंही लेखकाचा पासपोर्ट बघणं बंद केलं. पण बुकरनं त्याऐवजी प्रकाशकाचा पत्ता बघायला सुरुवात केली. आणि प्रकाशकांमध्येही सगळे सारखे नाहीत. मागच्या पाच वर्षांत ज्याची पुस्तकं लाँगलिस्टमध्ये, म्हणजे पहिल्या निवडयादीत, जास्त वेळा आली त्याला जास्त पुस्तकं पाठवता येतात, ज्याचं एकही आलं नाही त्याला एकच. परीक्षक काही पुस्तकं स्वतःहून मागवू शकतात, पण मुळात दार असं अर्धवट लोटलेलं.

आजवर दोन स्कॉटिश लेखकांना बुकर मिळाला, केलमनला आणि २०२० साली डग्लस स्टुअर्टला. दोघेही ग्लासगोचे, दोघांची पुस्तकं काढली लंडनच्या प्रकाशकांनी.

नवऱ्यानं 'नाही'ला मत दिलं. त्या वर्षी फेब्रुवारीत अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी स्वतंत्र स्कॉटलंडला पाउंड वापरायला भागीदारी देणार नाही असं सांगितलं होतं, आणि घराचं कर्ज पाउंडातलं. त्याचं भय खोटं नव्हतं. निकाल लागला ५५.३ विरुद्ध ४४.७, मतदान ८४.६ टक्के. बत्तीस विभागांपैकी चारच 'हो' म्हणाले, त्यात आमचं ग्लासगो. त्या सकाळी आम्ही एकाच टेबलावर चहा प्यायलो आणि दुपारपर्यंत बोललो नाही.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. सार्वमताचे, परीक्षक म्हणून काम केल्याचे, दोन्ही.

रानजाई

सुंदर लिहिलंय ताई. आजोबांचं वाक्य वाचून गलबलून आलं. आमच्या खानदेशात अहिराणीत छापलेलं पहिल्यांदा वाचणाऱ्यांचे चेहरे असेच होतात. वाचतेय, पुढचं येऊ द्या.

ताम्हिणी

लेख आवडला, पण मूळ तुलनेशी असहमत. सविस्तर लिहितो.

सार्वमतात प्रत्येकाचं मत सारखं आणि कारण द्यायची कुणालाच गरज नाही. पुरस्काराचं नेमकं उलट. तिथे पाचच माणसं, पण त्यांनी दीडशेच्या आसपास पुस्तकं वाचलेली असतात आणि एकमेकांसमोर बसून कारणं द्यायची असतात. बुकरच्या इतिहासात १९८३ चं वर्ष बघा. कुट्सी आणि रश्दी यांच्यात बरोबरी झाली, अध्यक्ष फे वेल्डन यांच्यावर निर्णायक मत आलं. त्या मागेपुढे होत राहिल्या आणि शेवटी कौल कुट्सींकडे गेला. असं मागेपुढे होणं हा परीक्षकाचा धर्म आहे. मतदान केंद्रात पेन्सिल ठेवली की संपलं, शेजारच्या आडोशातल्या माणसाचं म्हणणं ऐकून तुम्ही फुली खोडू शकत नाही.

म्हणून पुरस्काराला जनमताचे निकष लावले की नुकसान होतं. वाचकांच्या मतांनी पुरस्कार दिला असता तर १९९४ साली केलमनला तो मिळाला असता का? मला तरी वाटत नाही. तो मिळाला कारण खोलीत पाच जण होते आणि त्यांतल्या बहुमतानं बाहेरच्या आरड्याओरड्याची पर्वा केली नाही.

क्लाइडकाठ

ताम्हिणी, हा मुद्दा माझ्या लेखातून निसटला होता, मान्य. मत बदलण्याची मुभा हा फार मोठा फरक आहे.

फक्त एक. त्या खोलीत कोणती पुस्तकं पोहोचली, हे ते पाच जण ठरवत नाहीत. ते वाचतात ते कुणीतरी आधी निवडून पाठवलेलं. माझा रोख तिथे आहे.

अबोली_मडगाव

सगळे स्कॉटलंडचं बोलत आहेत, आणि मला सारखा १६ जानेवारी १९६७ आठवतो आहे. अर्थात मी तेव्हा जन्मले नव्हते, पण आमच्या घरात तो दिवस अजून संपलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित होते. गोव्यात प्रश्न होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. चिन्हं दोन. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासितला दोन पानां. कौल निःपक्ष व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) सरकारनं आधी राजीनामा दिला. निकाल: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

ताईंच्या दोन्ही प्रश्नांच्या चौकटीत हे बघा. मोजायचं कुणाला? मुंबईत आणि बाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत द्या अशी मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही. इकडे राहणारा तोच मतदार, हाच नियम. विचारायचं कसं? गोव्याचं स्वतंत्र घटक राज्य हवं का, हा पर्याय कागदावर नव्हताच. तो ३० मे १९८७ ला मिळाला, म्हणजे कौलानंतर वीस वर्षांनी. ज्यांच्या मनात तेच होतं त्यांनी दोन पानांवर शिक्का मारला आणि वाट बघितली.

हा राष्ट्रस्वातंत्र्याचा कौल नव्हता, हे मला कळतं. पण भाषेचा प्रश्न तोच होता. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? आजोबा मराठी शाळेत मास्तर, मगोचे कट्टर. फुलावर शिक्का. आजी घरात कोकणीशिवाय बोलायची नाही. दोन पानां. आणि तिनं ते आजोबांना कधी सांगितलं नाही, आम्हां नातवंडांना सांगितलं.

आता पुरस्काराकडे येते. साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली १९७५ मध्ये. त्याआधी कोकणीतलं पुस्तक कितीही चांगलं असो, अकादमीच्या वार्षिक पुरस्कारात त्याला रकानाच नव्हता. पहिला कोकणी पुरस्कार १९७७ चा, रवींद्र केळेकरांना. पुढे त्यांनाच ज्ञानपीठ मिळालं, आणि नंतर दामोदर मावजो यांनाही. १९७५ आधीचे कोकणी लेखक कमी प्रतीचे होते का? त्यांना मोजलं जात नव्हतं, इतकंच.

क्लाइडकाठ

अबोली, दोनदा वाचलं. बाहेरच्या गोवेकरांचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. आणि तुझ्या आजीला माझा नमस्कार.

एक साम्य मी पुढे नेते. कौलात हरल्यावर काही महिन्यांतच निवडणूक झाली आणि बांदोडकर पुन्हा निवडून आले ना? इथेही तसंच झालं. सार्वमत हरलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला मे २०१५ मध्ये ५९ पैकी ५६ जागा मिळाल्या. पक्षाला मत आणि देशाच्या रचनेला मत, लोक वेगळं ठेवतात.

अबोली_मडगाव

हो, १९६७ च्या निवडणुकीत मगोच. आजीनं त्या वेळी बांदोडकरांनाच मत दिलं होतं. आमच्या तालुक्यातली कामं त्यांनी केली होती, एवढंच तिचं कारण.

गिरगाव_मागची_गल्ली

मी तीस वर्षं मराठी पुस्तकांच्या धंद्यात आहे, मुद्रितशोधनापासून सुरुवात. तीनदा परीक्षक होतो. ताम्हिणींनी जी खोली वर्णन केली आहे ती मी एकदाच पाहिली. बाकी दोन वेळा खोलीच नव्हती.

मराठीतल्या छोट्या पुरस्कारांची पद्धत बहुतेकांना माहीत आहे. वर्तमानपत्रात निवेदन येतं, पुस्तकाच्या तीन किंवा चार प्रती अमुक तारखेपर्यंत पाठवा. लेखक स्वतःच्या खर्चानं पाठवतो. ज्याला कुरिअरचे पैसे जड जातात किंवा ज्याचं पुस्तकच संपलं आहे, तो पहिल्याच पायरीवर बाहेर. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थेनं (नाव घेत नाही) मला खोक्यात एकसष्ट पुस्तकं पाठवली, मुदत सात आठवडे. तीन परीक्षक, तिघं तीन गावांत. प्रत्येकानं शंभरपैकी गुण देऊन कागद पोस्टानं पाठवायचा. बेरीज संस्था करणार.

त्या बेरजेनं काय होतं ते सांगतो. मला एक कादंबरी विलक्षण वाटली, मी ९२ दिले. दुसऱ्या परीक्षकाला ती अजिबात सोसली नाही, त्यांनी ४०. तिसऱ्यांनी ७०. सरासरी ६७. शेजारी एक नीटनेटकं, कुणालाच न खुपणारं पुस्तक होतं. आम्ही तिघांनीही त्याला ७२ ते ७५ दिले होते. पुरस्कार त्याला. तिघांपैकी एकाचंही ते पहिल्या पसंतीचं नव्हतं! नंतर फोनवर बोलताना कळलं. केलमनचं पुस्तक या पद्धतीतून कधीच वर आलं नसतं. एकत्र बसलो असतो तर निदान मी भांडलो असतो, कदाचित दुसऱ्यांनी मला पटवलंही असतं.

साहित्य अकादमीची पद्धत यापेक्षा बरी आहे, कारण प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक शेवटी बसून ठरवतात आणि निकालासोबत त्यांची नावं जाहीर होतात. नाव जाहीर होणं मी फार महत्त्वाचं मानतो. नोबेलच्या समितीची कागदपत्रं पन्नास वर्षं बंद असतात, तोपर्यंत विचारणार कुणाला?

आणि परीक्षकांनी ठरवल्यावरही निकाल टिकेलच असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानं जाहीर केलेला अनुवादाचा पुरस्कार काही दिवसांत रद्द केला, शासननिर्णय काढून. पुस्तक माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या तिथल्या आठवणींचं. परीक्षण समितीही बरखास्त केली. त्यावर काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले, काहींनी शासकीय मंडळांचे राजीनामे दिले. मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं. पुस्तक पटो न पटो, ज्यांना निवडायला बसवलं त्यांचा निर्णय वरून पुसणं म्हणजे मतपेटी उघडल्यावर मतदारयादी फाडणं आहे.

ताम्हिणी

गुणांच्या सरासरीचं उदाहरण फार बोलकं आहे. मी माझं वाक्य दुरुस्त करतो: पुरस्कार चांगला ठरतो तो खोली असेल तर.

क्लाइडकाठ, एक विचारू? आज स्कॉटलंडमध्ये लोकांचं मत काय आहे? इकडे कधी बातमी येते की बहुमत स्वातंत्र्याच्या बाजूनं, कधी उलट.

क्लाइडकाठ

दोन्ही बातम्या खऱ्या असतात, म्हणून जरा फोडून सांगते.

मतचाचण्या साधारण हजार माणसांच्या असतात. त्यात हो, नाही आणि 'माहीत नाही' असे तीन ढीग पडतात. ठळक बातमी देताना तिसरा ढीग बाजूला काढून उरलेल्यांचे शंभर टक्के करतात. सार्वमताच्या अकरा दिवस आधी, ७ सप्टेंबर २०१४ ला, यूगव्ह या संस्थेची चाचणी आली त्यात असं करून 'हो' ५१ आणि 'नाही' ४९ झालं. त्या रविवारी इथे जे वातावरण झालं ते सांगता येणार नाही. बसमध्ये अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागली. लंडनहून तिन्ही मोठ्या पक्षांचे नेते धावत आले, आणि मतदानाच्या दोन दिवस आधी एका वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तिघांच्या सह्यांचं वचन छापून आलं, की 'नाही' म्हणा, विधिमंडळाला जास्त अधिकार देऊ. एका चाचणीनं लोकांचं मत मोजलं, आणि मोजता मोजता ते हलवलंही.

दुसरं, प्रश्नाचे शब्द. "स्वतंत्र देश असावा का, हो की नाही" असं विचारलं तर आजकाल जवळपास निम्मे निम्मे निघतात. "युनायटेड किंगडममध्ये राहावं की सोडावं" असं विचारलं की राहण्याच्या बाजूला जास्त लोक दिसतात. माणसं तीच. म्हणून बातमी वाचताना मी आधी प्रश्न शोधते, मग आकडा.

मधल्या काळात ब्रेक्झिट झालं. २०१६ साली स्कॉटलंडचे ६२ टक्के लोक युरोपात राहू म्हणाले, बत्तीसच्या बत्तीस विभाग, तरी बाहेर पडावं लागलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, संमतीशिवाय स्कॉटिश विधिमंडळाला नवं सार्वमत घेता येणार नाही. २०२४ च्या निवडणुकीत नॅशनल पार्टी नऊ जागांवर आली. पण स्वातंत्र्याला असलेला पाठिंबा तसा कोसळला नाही. पुन्हा तेच, पक्ष वेगळा आणि प्रश्न वेगळा.

माँट्रियलचा_बर्फ

क्युबेकमधून, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांतातून लिहितो. कॅनडातून बाहेर पडायचं का यावर इथे १९८० आणि १९९५, दोनदा सार्वमत झालं. १९९५ चा प्रश्न वाचून दाखवावा असा आहे: कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा औपचारिक प्रस्ताव ठेवल्यानंतर, अमुक विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ ला झालेल्या कराराच्या चौकटीत, क्युबेक सार्वभौम व्हावा याला तुम्ही सहमत आहात का? "सहमत आहात का" आहेच, वर भागीदारीचा दिलासाही. निकाल ५०.५८ नाही, ४९.४२ हो. मतदान ९३ टक्क्यांच्या वर. म्हणून २००० साली कॅनडाच्या संसदेनं कायदाच केला, की प्रश्न स्पष्ट असेल तरच पुढची बोलणी.

पुरस्काराचा धागाही इथे आहे. १९६८ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार कादंबरीकार यूबेर आकँ यांनी नाकारला. ते क्युबेकच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते, आणि पुरस्कार ब्रिटिश राणीच्या कॅनडातल्या प्रतिनिधीच्या नावाचा. त्यांच्या दृष्टीनं तो घेणं म्हणजे कॅनडाची सत्ता मान्य करणं.

क्लाइडकाठ

आकँचं ठाऊक नव्हतं, धन्यवाद. यावरून अमिताव घोष आठवले. २००१ साली त्यांच्या कादंबरीला राष्ट्रकुल लेखक पुरस्काराचा विभागीय सन्मान मिळाला होता. प्रकाशकानं त्यांना न विचारता पुस्तक पाठवलं होतं. 'राष्ट्रकुल' या नावाखाली आपलं पुस्तक गणलं जावं हे त्यांना मान्य नव्हतं, त्यांनी ते स्पर्धेतून काढून घेतलं. त्याउलट आपले अरुण कोलटकर. 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला आणि त्या नावामुळेच जेजुरीच्या पायऱ्या जगभर पोहोचल्या. मला राष्ट्रकुलामुळे ग्लासगोत मत मिळालं. त्या शब्दाबद्दल माझं मन एकाच बाजूला झुकत नाही.

आणि बुकरचं नाव तरी कुठून आलं? बुकर मकॉनेल ही कंपनी, गयानातल्या उसाच्या मळ्यांवर मोठी झालेली. १९७२ साली जॉन बर्जर यांना पाच हजार पाउंड मिळाले तेव्हा त्यांनी भर समारंभात हे सांगितलं आणि अर्धी रक्कम लंडनच्या ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला दिली. ऊसतोडीच्या मुलखातून आलेल्या आपल्या लोकांना हे जास्त लागतं.

रानजाई

माझा एक साधा प्रश्न. मराठी कादंबरीला आंतरराष्ट्रीय बुकर मिळायचा तर काय काय व्हावं लागेल?

गिरगाव_मागची_गल्ली

इंग्रजी अनुवाद हवा, आणि तो ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित व्हायला हवा. नुसता दिल्लीत होऊन चालत नाही. २०२२ मध्ये गीतांजली श्री आणि २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांना मिळाला, दोन्ही पुस्तकं तिथल्या छोट्या प्रकाशकांनी काढली होती, टिल्टेड अ‍ॅक्सिस आणि अँड अदर स्टोरीज. पन्नास हजार पाउंड लेखक आणि अनुवादक यांत निम्मे निम्मे. म्हणजे आपल्याला आधी अनुवादक जपायला हवेत. सध्या मराठीतून इंग्रजीत सातत्यानं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि मोबदला विचारू नका.

ताम्हिणी

केलमनचं पुस्तक मागवलं. ग्लासगोची बोली मला झेपेल का?

क्लाइडकाठ

मोठ्यानं वाचा. पहिली वीस पानं डोळ्यांनी वाचूच नका, कानानं वाचा. मग आपोआप कळायला लागतं. पुढच्या महिन्यात आम्ही डग्लस स्टुअर्टची 'शगी बेन' घेतोय. केलमनच्या पुस्तकानं आपलं आयुष्य बदललं असं स्टुअर्टनंच सांगितलं आहे. 'शगी बेन' तिसाहून जास्त प्रकाशकांनी नाकारलं होतं. गोदीवाल्या आजोबांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पहिलं प्रकरण ते वाचणार.

अबोलीनं बाहेरच्या गोवेकरांचं लिहिल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, ती लिहिते. माझा मुलगा इथे ग्लासगोत जन्मला. बोलतो तो इथल्यासारखा, सोळाव्या वर्षी त्यानं पहिलं मत दिलं ते सार्वमतात. आता नोकरीसाठी मँचेस्टरला असतो. उद्या पुन्हा सार्वमत झालं आणि नियम तेच राहिले, तर त्याला मत नाही. मी नाशिकची, मला आहे. नियम मला न्याय्यच वाटतो, २०१४ ला त्याच नियमानं मला आत घेतलं. पण रविवारी फोनवर त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आई, माझं मत तू देशील?"

मी म्हटलं, नाही रे, मी माझंच देईन. तू परत ये.